अल्को चालते ठेवायचे तर : प्रस्तावना

संग्रहालयाच्या आवारात उभ्या असलेल्या जुन्या डिझेल इंजिनाला अधूनमधून रंगाचा नवा हात दिला जातो, फुटक्या काचा बदलल्या जातात, समोर माहितीचा फलक लागतो आणि इंजिन जतन झाले असे धरून चालले जाते. त्या पत्र्याच्या आत काय उरले आहे हे पाहायला सहसा कोणी दारे उघडत नाही. बंद पडलेले इंजिन पुन्हा स्वतःच्या बळावर चालेल इतके दुरुस्त करणे हे याहून फार वेगळे, खर्चिक आणि चिकाटीचे काम आहे. हे पुस्तक त्या कामाविषयी आहे. त्याच्या केंद्रस्थानी भारतीय रेल्वेचे डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन आहे, आणि या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: या जातीची निदान दोन-तीन इंजिने चालत्या स्थितीत राहिली पाहिजेत आणि ते काम आत्ताच हाती घेतले पाहिजे. पुढे कधीतरी पैसा जमला की बघू, असे म्हणायची सोय वाफेच्या इंजिनांच्या बाबतीत होती. डिझेलच्या बाबतीत ती नाही. का नाही, याचे उत्तर यंत्राच्या घडणीतच आहे. या इंजिनावर माझे प्रेम आहे, ते मी लपवणार नाही. पण माझी बाजू मी यंत्राकडे बोट दाखवूनच मांडणार आहे.

आधी या इंजिनाची ओळख करून घेऊ. भारतात डिझेल आले त्यामागे पाण्याची टंचाई हे एक मोठे कारण होते. १९५५ च्या सुमारास ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची वायडीएम-१ इंजिने गांधीधाम भागातल्या मीटरगेजवर आली, कारण कच्छच्या त्या कोरड्या मुलखात वाफेच्या इंजिनांना पुरेल एवढे पाणी मिळवणे जिकिरीचे होते. ब्रॉडगेजवर १९५७ पासून डब्ल्यूडीएम-१ जातीची शंभर इंजिने आली. ती अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीची, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी इथल्या अल्कोची. १९६२ मध्ये दोन प्रतिस्पर्धी जवळपास एकाच वेळी रुळांवर उतरले: अल्कोचे डब्ल्यूडीएम-२ आणि जनरल मोटर्सचे डब्ल्यूडीएम-४. दोन्ही २६०० अश्वशक्तीची. गुणांत डब्ल्यूडीएम-४ कमी नव्हते; १९६९ मध्ये हावडा–नवी दिल्ली राजधानी सुरू झाली ती त्याच्याच जोरावर. पण अल्कोने आपले तंत्रज्ञान भारताला द्यायची तयारी दाखवली आणि निवड तिथे ठरली. वाराणसीत कारखाना उभा राहिला, जानेवारी १९६४ मध्ये तिथले पहिले इंजिन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते सेवेत दाखल झाले. सुरुवातीची काही इंजिने अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडून तयार झाली, नंतर भागही इथेच घडू लागले. खुद्द अल्कोने १९६९ मध्ये इंजिने बांधणे थांबवले. वाराणसीत मात्र डब्ल्यूडीएम-२ त्यानंतरही जवळपास तीस वर्षे बनत राहिले आणि त्यांची संख्या अडीच हजारांच्या वर गेली. श्रीलंका, बांगलादेश यांसारख्या देशांनाही वाराणसीने या घराण्यातली इंजिने पुरवली. ज्या यंत्राचे मूळ घर मिटले ते इथे दोन पिढ्या नांदले, इथल्या लोकांनी त्याच्या खोडी ओळखल्या आणि त्यावर उपाय शोधले. त्याला परदेशी म्हणून बाजूला सारणे मला मुळीच मान्य नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर मुंबईहून पुणे आणि इगतपुरीपर्यंतचे मार्ग १९३० पर्यंतच विजेवर गेले होते, त्यामुळे तारा जिथे संपत तिथून पुढे डिझेलचे राज्य सुरू होई. पुण्याहून मिरज-कोल्हापूरचा मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला आणि पुणे शेडच्या अल्कोंनी तो पुढची अनेक दशके सांभाळला. मराठवाड्यात आणि अकोला–खंडवा भागात मीटरगेजवर वायडीएम-४ धावत, ते याच घराण्यातले, सहा सिलिंडरचे धाकटे भावंड. आणि कोकण रेल्वे तर १९९८ मध्ये पूर्ण खुली झाल्यापासून जून २०२२ मध्ये तिचे संपूर्ण विद्युतीकरण जाहीर होईपर्यंत मुख्यतः डिझेलवरच चालली; तिच्या लांब बोगद्यांत धूर बाहेर काढण्यासाठी पंख्यांची सोय करावी लागली. गणपतीला कोकणात जाणाऱ्या माणसाच्या कानात जो आवाज बसला आहे तो अल्कोचा आहे. एवढे सगळे घडूनही, आज एखाद्या शाळकरी मुलाला चालते डब्ल्यूडीएम-२ दाखवायचे म्हटले तर कुठे न्यावे, हे खात्रीने सांगता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. वाफेचे इंजिन मोडीत गेले तरी आराखडे शाबूत असतील तर ते पुन्हा घडवता येते. ब्रिटनमधल्या ए-१ जातीची सगळीच्या सगळी ४९ इंजिने १९६० च्या दशकात भंगारात गेली होती. १९९० मध्ये रेल्वेप्रेमींनी एक न्यास स्थापला, जुने आराखडे मिळवले, बॉयलर जर्मनीतल्या माइनिंगेनच्या कारखान्याकडून बांधून घेतला, आणि २००८ मध्ये ‘टॉर्नेडो’ नावाचे पन्नासावे ए-१ वाफेवर धावू लागले. आपल्या ‘फेअरी क्वीन’चेही तेच. १८५५ मध्ये लीड्समध्ये बांधलेले हे इंजिन १९९७ मध्ये पुन्हा चालू झाले. २०११ मध्ये चोरांनी त्याचे कितीतरी भाग काढून नेले, तरी चेन्नईतल्या पेरांबूर कारखान्याने ते पुन्हा उभे केले. ओतकाम, लोहारकाम, लेथ आणि बॉयलरचे काम जाणणारी माणसे असली की वाफेच्या इंजिनाचा कुठलाही भाग आजही बनू शकतो. याच्या शेजारी ‘१००००’ क्रमांकाचे ब्रिटिश इंजिन ठेवून पाहा. डिसेंबर १९४७ मध्ये डर्बीच्या कारखान्यातून बाहेर पडलेले हे त्या देशाचे मुख्य मार्गावरचे पहिले डिझेल. ते १९६३ मध्ये सेवेतून गेले आणि १९६८ मध्ये तोडले गेले. ते पुन्हा उभारण्यासाठी तिथे एक संस्था झटते आहे, पण आराखडे घेऊन कारखान्याच्या दारात जाण्याचा रस्ता तिला नव्हता. इंग्लिश इलेक्ट्रिकचे त्या जातीचे शिल्लक राहिलेले डिझेल यंत्र आधी शोधावे लागले, सांगाड्यासाठी नंतरच्या काळातले दुसरे डिझेल इंजिन घ्यावे लागले, बोगी तिसऱ्याच, विजेवरच्या इंजिनाच्या. ते यंत्र कुठे तरी टिकून राहिले नसते तर सगळा खटाटोप तिथेच थांबला असता.

हा फरक पडतो कारण डिझेल इंजिन म्हणजे अनेक कारखान्यांच्या कामाची साखळी असते. डब्ल्यूडीएम-२ मध्ये बसवलेल्या अल्कोच्या २५१ यंत्राचे १६ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास २२८.६ मिलिमीटर आणि स्ट्रोक २६६.७, हे आकडे दणकट वाटतात, आणि ब्लॉक, क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड खरोखरच दणकट आहेत. पण त्या प्रत्येक सिलिंडरला इंधन देणारा पंप उघडला तर आत एक प्लंजर आणि त्याची नळी असते, दोन्हींची जोडी कारखान्यातच एकमेकांना घासून जुळवलेली, मधली फट काही मायक्रॉनची. एका पंपाचा प्लंजर दुसऱ्याच्या नळीत चालत नाही. ती फट वाढली की दाब बसत नाही, दाब बसला नाही की इंधनाची फवारणी होत नाही, थेंब पडतात आणि धूर येतो. गव्हर्नर, टर्बोचार्जर, मुख्य जनरेटरच्या आर्मेचरवरची वेटोळी, ट्रॅक्शन मोटरचे इन्सुलेशन, रबराची सीले, या प्रत्येकामागे वेगळी विद्या, वेगळी यंत्रे आणि वेगळे पुरवठादार असतात. मागणी असेपर्यंत ही साखळी टिकते. मागणी आटली की पुरवठादार साचे मोडून टाकतात, आणि मग एखादे संग्रहालय चार प्लंजर मागायला गेले तर ते बनवून देणारा कोणी उरत नाही. ब्रॉडगेजचे विद्युतीकरण आज जवळपास पूर्ण झाले आहे. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातून २०२० मध्ये ‘डिझेल’ हा शब्दही गेला. अल्कोची सेवेतून काढलेली इंजिने लिलावात भंगाराच्या भावाने जात आहेत. म्हणजे सुटे भाग आज वजनावर मिळू शकतात. काही वर्षांनी तेच भाग नव्याने घडवायचे म्हटले तर त्यांची किंमत कुठल्याच संग्रहालयाला झेपणार नाही.

चौथऱ्यावर उभे केलेले इंजिन जिथल्या तिथे सुरक्षित राहते, हा समजही तपासून पाहायला हवा. डिझेल इंजिनाच्या छतावर धुराड्याचे तोंड असते आणि ते झाकायचे बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. पावसाचे पाणी तिथून टर्बोचार्जरमध्ये आणि पुढे एक्झॉस्टच्या नळीत उतरते. इंजिन शेवटचे बंद पडले त्या क्षणी सोळांपैकी काही सिलिंडरांच्या झडपा उघड्या राहिलेल्या असतात. पाणी त्यांच्यातून आत जाऊन पिस्टनच्या माथ्यावर साचते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत पिस्टनच्या रिंगा लायनरला गंजून चिकटतात. खाली बेअरिंगांचे रोलर वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून राहतात, त्यांच्या खुणा पडतात. केबलींवरचे जुने रबर तडकते, उरलेले उंदीर कुरतडतात. तांब्याच्या किमतीमुळे ट्रॅक्शन मोटर आधीच काढून घेतलेल्या असल्या तर प्रश्नच मिटला. बाहेरून मात्र रंग लखलखीत असतो. म्हणून मी म्हणतो की न चालवता ‘जतन केलेले’ डिझेल इंजिन रोज थोडे थोडे नष्ट होत असते, फक्त ते दिसत नाही.

असे इंजिन चालू करायला घेतले की पहिला नियम असा की स्टार्टच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही. डब्ल्यूडीएम-२ मध्ये वेगळा स्टार्टर नसतो. बॅटऱ्यांची वीज मुख्य जनरेटरलाच मोटरसारखे फिरवते आणि तो क्रँकशाफ्ट फिरवतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. त्यामुळे आधी तळाशी साचलेले तेल काढून पाहायचे. ते दुधाळ दिसले तर पाणी तेलात मिसळते आहे हे उघड. मग बाजूची क्रँककेसची दारे उतरवायची, थंड करण्याच्या यंत्रणेत पाणी भरायचे आणि दिवा घेऊन एकेका दारातून आत वाकून लायनरची खालची कड बघायची. तिथे थेंब लोंबताना दिसला की त्या लायनरची रबरी रिंग कडक झाली, तो लायनर बाहेर काढणे आले. त्यानंतर सोळाही सिलिंडरांचे टेस्ट कॉक उघडायचे आणि बार लावून यंत्र हाताने, अगदी सावकाश, दोन पूर्ण फेरे फिरवायचे. फोर-स्ट्रोक यंत्राचे एक आवर्तन दोन फेऱ्यांत पुरे होते, म्हणून दोन. कॉकमधून गंजाच्या पाण्याची पिचकारी उडाली तर ती ज्या सिलिंडरची आहे त्याचे डोके उतरवून पाहायचे. हे झाले की प्रत्येक इंधनपंपाची रॅक बोटाने ढकलून बघायची, ती सहज मागे आली पाहिजे. एखादी रॅक उघड्या स्थितीत अडकली असेल तर गव्हर्नरने कितीही सांगितले तरी त्या सिलिंडरला इंधन जातच राहते; चार-सहा अडकल्या तर यंत्र ताब्याबाहेर जाते. म्हणून अतिवेगाला यंत्र बंद पाडणारी ट्रिप आधी हाताने पाडून, ती खरोखर पडते याची खात्री करायची. विजेच्या बाजूला जनरेटर आणि मोटरांचे इन्सुलेशन मेगरने मोजायचे. दमट असेल तर गरम हवेने दिवसचे दिवस सुकवायचे आणि पुन्हा मोजायचे. घाईने वीज सोडली की आर्मेचर जळते, आणि ते पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर आता विरळ होत चालले आहेत.

हे सगळे मॅन्युअलमध्ये लिहिलेले आहे, मग माणसांची एवढी काळजी कशाला, असे कोणी विचारेल. मॅन्युअल मिळवणे सोपे आहे, मिळवलेच पाहिजे. पण एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल तर जाणता फिटर इंधनाच्या नळीवर बोट ठेवून तिच्यातला ठोका जाणवतो का ते पाहतो, आणि मिनिटाभरात दोषी पंप दाखवतो. काळा धूर म्हणजे हवेला इंधन जड झाले, निळा म्हणजे वंगण जळते आहे, पांढरा म्हणजे इंधन न जळता जाते आहे किंवा पाणी आत शिरले आहे, हे पुस्तकात सापडेल; पण थ्रॉटलच्या आठव्या टप्प्यावर (नॉचवर), मिनिटाला हजार फेऱ्यांवर असताना किती धूर ‘चालतो’ आणि कितीनंतर इंजिन शेडला परत न्यायचे, हा अंदाज वर्षानुवर्षे हाताखाली काम करून येतो. असे ज्ञान शिकवण्याची एकच पद्धत आहे: जाणत्या माणसाच्या शेजारी, चालत्या यंत्रापाशी, नवख्याला उभे करणे. पुण्या-कल्याणच्या डिझेल शेडमध्ये आता विजेची इंजिनेही सांभाळली जातात. १९८० च्या दशकात भरती झालेले फिटर आणि चार्जमन बहुतेक निवृत्त झाले आहेत. ते अजून आपल्यात आहेत, बोलावले तर आनंदाने येतील, पण दहा-पंधरा वर्षांनी ही परिस्थिती राहणार नाही. इंजिनाची पुनर्बांधणी ही मला या ज्ञानाची शाळा वाटते. चालते इंजिन हे त्या शाळेचे फळ आहे.

या मांडणीवरचा सर्वांत भारदस्त आक्षेप संग्रहालयशास्त्राच्या अभ्यासकांकडून येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. चालवले की यंत्र झिजते, झिजले की भाग बदलावे लागतात, आणि भाग बदलत गेले की शेवटी आपण अस्सल वस्तूऐवजी तिची प्रतिकृती सांभाळत बसतो. पुराव्याची वस्तू नष्ट करून तिला जतन म्हणणे खोटे आहे. युरोपातल्या वारसा-रेल्वेंनी २००५ मध्ये स्वीकारलेली रीगा सनदही या बाबतीत सावध आहे. मूळ वस्तूत कमीत कमी ढवळाढवळ करावी आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी, असा तिचा रोख आहे. डब्ल्यूडीएम-२ च्या बाबतीत मात्र ‘अस्सल’ कशाला म्हणायचे, हे आधी ठरवावे लागेल. पिरिऑडिक ओव्हरहॉलला इंजिन कारखान्यात गेले की बोगी, मोटर, सिलिंडर हेड, कधी अख्खा पॉवर पॅक दुसऱ्या इंजिनातून आलेला बसवला जाई. उतरवलेला दुरुस्त होऊन तिसऱ्यात जाई. १९९० च्या दशकानंतर पतियाळाच्या रेल्वे कारखान्यात अनेक इंजिनांची ताकद ३१०० अश्वशक्तीवर नेली गेली आणि त्यांचा मूळचा डीसी जनरेटर जाऊन अल्टरनेटर आला. या जातीचे आयुष्यच भाग बदलण्यात गेले आहे. अमेरिकेतल्या अल्कोच्या पीए इंजिनांची कथा या दृष्टीने बोलकी आहे. तीनशेच्या आत बांधली गेलेली ही देखणी प्रवासी इंजिने जवळपास सगळी मोडीत निघाली. चार मेक्सिकोत गेली म्हणून वाचली. त्या चौघांतले मूळचे, कटकटीचे २४४ यंत्र १९७० च्या दशकातच काढून त्यात २५१ बसवले होते. २००० मध्ये दोन अमेरिकेत परत आली, आणि त्यांतले एक जतनकर्ते डॉईल मॅकॉर्मॅक यांनी ओरेगॉनमध्ये बरीच वर्षे खपून पुन्हा चालते केले, तेही २५१ घराण्यातल्याच यंत्रावर. ते अस्सल नाही असे म्हणणाऱ्याचा मुद्दा खरा आहे. पण त्या इंजिनाचा निम्मा इतिहास याच बदलांचा आहे, हेही तितकेच खरे आहे.

तरीही आक्षेपाचा एक भाग मी पूर्णपणे मान्य करतो, आणि त्यावरून या पुस्तकाची शिफारस ठरली आहे. जे दुर्मीळ आहे ते चालवू नये. डब्ल्यूडीएम-१, किंवा अमेरिकेत बांधलेले आरंभीचे डब्ल्यूडीएम-२ जिथे उरले असेल तिथे त्याच्या रंगालाही विचार केल्याशिवाय हात लावू नये. प्रत्येक शेडची रंगसंगती वेगळी असे. केबिनच्या बाजूला नखाएवढी जागा बारीक पात्याने थराथराने खरवडली तर ते इंजिन कुठल्या कुठल्या शेडच्या रंगांतून गेले ते दिसते. सरसकट सँडब्लास्टिंग केले की हा सगळा दप्तराचा ठेवा एका दुपारी धुळीत जातो. चालवायला घ्यावे ते वाराणसीत १९७० किंवा १९८० च्या दशकात बनलेले, नावगाव नसलेले, हजारांतले एक इंजिन, शक्यतो मूळचा डीसी जनरेटर अजून टिकून असलेले. त्याचे भाग बदलल्याने इतिहासाचे काही बिघडत नाही, आणि ज्यांनी खरा इतिहास घडवला ती इंजिने अशी सामान्यच होती.

दुसरा आक्षेप धुराचा आहे. हवा शुद्ध ठेवण्यासाठीच तर देशाने विजेची वाट धरली, मग संग्रहालयाने काळा धूर सोडणारे यंत्र कशाला पोसायचे? अल्को धूर सोडते हे खरे आहे. नॉच वाढवला की इंधन लगेच वाढते, टर्बोचार्जर मात्र वेग घ्यायला वेळ लावतो, आणि त्या मधल्या काळात हवा कमी पडून काळा लोट निघतो. पण प्रमाणाचा विचार करू. या इंजिनाची टाकी ५००० लिटरची. सेवेत असताना ती लांबच्या दौडीत रिकामी होई. संग्रहालयाच्या सायडिंगवर वर्षातून मोजके दिवस, एक-दोन डबे घेऊन, खालच्या नॉचवर फिरणाऱ्या इंजिनाचा खर्च त्याच्याशी तोलण्यासारखाही नाही. चांगल्या पंपांवर चालणारे इंजिन धूरही कमी सोडते, म्हणजे इथेही प्रश्न पुन्हा कारागिरीपाशीच येतो. मला जास्त काळजी वाटते ती आतल्या धोक्यांची. त्या काळच्या एक्झॉस्टच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असू शकतो, जुन्या रंगात शिसे असते. हौशी स्वयंसेवकांनी साध्या रुमालावर भागवून हे खरवडायचे नाही. प्रशिक्षित माणसांकडून, नियमाप्रमाणे, पहिल्याच टप्प्यात हे काढून घ्यायचे. हा खर्च टाळून कुठलाही प्रकल्प सुरू करू नये, असे या पुस्तकाचे स्पष्ट मत आहे.

डिझेल इंजिनांवर लोकांचे वाफेइतके प्रेम नाही आणि ती अजून पुरेशी जुनीही नाहीत, असाही एक सूर ऐकू येतो. लोकांचे प्रेम बहुधा वस्तू गेल्यावर जागे होते, आणि नेमके तेच घातक ठरते. ‘१००००’ तोडले गेले ते १९६८ चे वर्ष. त्याच वर्षी ब्रिटिश रेल्वेवरची वाफ संपली आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे होते. ब्रिटनमध्येच पुढे डेल्टिक या डिझेल इंजिनांच्या बाबतीत शहाणपण दिसले. ३३०० अश्वशक्तीची ही २२ इंजिने अजून सेवेत असतानाच, १९७७ मध्ये, त्यांच्या जतनासाठी संस्था स्थापन झाली. जानेवारी १९८२ मध्ये शेवटची डेल्टिक निवृत्त झाली आणि त्याच वर्षी त्या संस्थेने दोन इंजिने विकत घेतली. आज बावीसपैकी सहा उरली आहेत. नेपियर कंपनीचे त्यांचे यंत्र अठरा सिलिंडरांत छत्तीस समोरासमोर धावणारे पिस्टन असे विलक्षण गुंतागुंतीचे, तरी ते चालते राहिले, कारण निवृत्तीच्या आधीच तयारी झाली होती. आपल्याकडे वाफेच्या बाबतीत रेवाडीच्या शेडने हेच सिद्ध केले. चित्तरंजन कारखान्याचे ‘अंतिम सितारा’ हे ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० मध्ये बनले, ब्रॉडगेजवरची वाफ १९९५ मध्ये संपली, आणि तरी आजही वाफेची इंजिने धावतात. ती रेवाडीच्या जुन्या शेडमध्ये माणसे, हत्यारे आणि काम एकत्र टिकवले म्हणून. देशभरच्या स्टेशनांसमोर चौथऱ्यांवर उभ्या केलेल्या इंजिनांचा त्यात काही वाटा नाही. डिझेलसाठी तशीच एक जागा हवी, आणि ती अजून बंद न पडलेल्या एखाद्या डिझेल शेडच्या कोपऱ्यातच सर्वांत स्वस्तात होईल.

पुढच्या प्रकरणांचा क्रम या सगळ्यातून ठरला आहे. इंजिनाची निवड आणि नोंदी आधी, मग ॲस्बेस्टॉस आणि रंग, मग ब्रेक, आणि त्यानंतरच डिझेल यंत्र. ब्रेकचे प्रकरण आधी घेतल्याचे काहींना नवल वाटेल. डब्ल्यूडीएम-२ मूळचे निर्वात ब्रेकच्या गाड्यांसाठी बनले. त्यातला एक्सप्रेसर एकाच यंत्रात हवा दाबतोही आणि नळीतली हवा खेचून घेतोही. आजचे डबे हवेच्या दाबावरच्या ब्रेकचे आहेत. संग्रहालयाला आपल्या सायडिंगवर कुठले डबे जोडायचे यावर ब्रेकची रचना ठरते, ब्रेकवरून एक्सप्रेसर ठेवायचा की त्याच्या जोडीला दुसरी व्यवस्था करायची ते ठरते, आणि एक्सप्रेसर मुख्य यंत्राच्याच शाफ्टवरून फिरत असल्याने तो निर्णय झाल्याशिवाय यंत्राची जुळणी पुरी करता येत नाही. ज्या संग्रहालयाकडे आज यातले काहीच करण्याइतका पैसा नाही त्याच्यासाठी शेवटी एक छोटे प्रकरण जोडले आहे: धुराड्यावर झाकण, तळाच्या तेलाची तपासणी, थंड करण्याच्या यंत्रणेतले पाणी पूर्ण काढून टाकणे, दर महिन्याला टेस्ट कॉक उघडून यंत्र बार लावून फिरवणे, आणि लिलावाला निघालेल्या इंजिनांतून इंधनपंपांचे सहा संच, दोन गव्हर्नर आणि लायनरच्या रिंगांचा साठा मागून घेऊन, तेल लावून, कोरड्या खोलीत क्रमांक घालून ठेवणे.